सासवण्याचे शिल्पकार नानासाहेब करमरकर

रायगडचा किनारा म्हटला की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर सर्वप्रथम उभा राहतो तो कोर्लईचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नांदणारे कार्मेल मातेचे मंदिर आणि आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलणारे आपले बांधव. रेवदंड्याच्या कोटातील पडक्या चर्चचे अवशेषही अनेकांनी पाहिलेले असतील. परंतु त्याच अलिबाग तालुक्यात, मांडव्याहून किहीमकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सासवणे नावाचे एक छोटेसे गाव आहे आणि त्या गावातील एका घरात एका थोर कलावंताचे आयुष्य मांडून ठेवलेले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. विनायक पांडुरंग करमरकर, म्हणजेच नानासाहेब करमरकर, हे ते कलावंत. पुण्याच्या श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारातील शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो.

त्यांचे चरित्र आज येथे देण्यामागे आमचा एक हेतू आहे. आपल्या धर्मग्रामांत चित्र काढणारी, मातीत हात घालणारी, गाणी रचणारी मुले-मुली कमी नाहीत. नाताळचा गोठा उभारताना त्यांची बोटे काय चमत्कार करतात ते आपण दरवर्षी पाहतो. पंचवीस डिसेंबर उलटला की मात्र ती बोटे थांबतात ती पुढच्या डिसेंबरपर्यंत. पुढे नोकरी लागते, लग्न होते, आणि एके काळी आपल्याला काही करता येत होते ही केवळ सांगण्याची गोष्ट उरते. कला सुरू करणे अवघड नाही; ती चाळीस-पन्नास वर्षे चालू ठेवणे अवघड आहे. नानासाहेबांनी ती कशी चालू ठेवली, हे पाहण्याजोगे आहे.

त्यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी सासवणे येथे झाला. तेव्हा हा भाग कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जाई; रायगड हे नाव त्यास पुढे १९८१ साली मिळाले. करमरकरांच्या घरी गणेशमूर्ती घडविण्याचा परिपाठ होता. या जिल्ह्याला मूर्तिकामाचे देणेच आहे. पेणच्या गणेशमूर्ती आज देशभर आणि देशाबाहेरही जातात. मूर्तिकाराच्या घरात वाढलेल्या मुलाला एक गोष्ट कोणी न शिकविता समजते. गणेशचतुर्थी कोणासाठी थांबत नाही. आज हात चालत नाही, मन लागत नाही, असे म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवशी मूर्ती अर्धवट ठेवता येत नाही. माती मळायची, हात, सोंड, मुकुट एकामागून एक बसवायचे, वाळू द्यायचे, रंग द्यायचा. स्फूर्ती आली तर तिचे स्वागत, न आली तरी काम ठरलेल्या दिवशी संपले पाहिजे. मोठमोठ्या कलाशाळांमध्ये हा धडा मिळत नाही, आणि नानासाहेबांच्या सबंध आयुष्याचा कणा हाच आहे, असे आमचे मत आहे.

गावातील राममंदिराच्या भिंतीवर या मुलाने शिवाजी महाराजांचे चित्र रंगविले होते. जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड दौऱ्यावर आले असता त्यांच्या ते पाहण्यात आले. रॉथफील्ड हे कलेची जाण असलेले गृहस्थ होते. पुढे १९२० साली त्यांनी भारतातील स्त्रियांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यातील चित्रे सुप्रसिद्ध मराठी चित्रकार म. वि. धुरंधर यांनी काढलेली आहेत. भिंतीवरील चित्र पाहून त्यांनी हे कोणाचे काम म्हणून चौकशी केली आणि त्या मुलाला मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये पाठविण्यासाठी साहाय्य केले. एका परक्या सरकारी अधिकाऱ्याची नजर खेड्यातील भिंतीवर स्थिरावली नसती तर काय झाले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. गावातील माणसे ते चित्र रोजच पाहत असणार. पाहणे आणि ओळखणे यांत अंतर आहे.

जे. जे. स्कूलमध्ये विनायकाने शिल्पकलेचे शिक्षण उत्तम रीतीने पूर्ण केले आणि मानाचे लॉर्ड मेयो पदक मिळविले. परंतु पदक मिळणे आणि पोट भरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि शिल्पकाराच्या बाबतीत तर हे अंतर फार मोठे असते. कवीला कागद पुरतो, गायकाला गळा पुरतो. चित्रकाराचा खर्च थोडा अधिक, पण तोही आवाक्यातला. शिल्पकाराला मात्र जागा लागते, संगमरवर लागतो, धातू लागतो, ओतशाळा लागते, मदतीला माणसे लागतात. कोणी काम सांगितल्याशिवाय त्याला हात उचलता येत नाही. कलावंताच्या मनाला येणारी मरगळ सर्वांना ठाऊक असते. शिल्पकाराच्या वाट्याला त्याखेरीज ही दुसरी अडचण येते, आणि पुष्कळदा मनाची मरगळ म्हणून जिला आपण नावे ठेवतो तिच्या मुळाशी हीच अडचण असते.

येथे रवींद्रनाथ ठाकुरांचे पुतणे सुरेंद्रनाथ ठाकूर हे नानासाहेबांच्या आयुष्यात आले. सुरेंद्रनाथांचे वडील सत्येंद्रनाथ यांनी मुंबई इलाख्यात सनदी अधिकारी म्हणून दीर्घकाळ सेवा केली होती, त्यामुळे या घराण्याचे आपल्या प्रांताशी जुने नाते होते. त्यांच्या निमंत्रणावरून व आधारावर नानासाहेबांनी १९१६ च्या सुमारास कलकत्त्यास जाऊन तेथे आपला स्टुडिओ थाटला. सासवण्याचा मराठी मुलगा, भाषा वेगळी, जेवण वेगळे, कलेचे वारेही वेगळे. अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांच्या शिष्यांनी तेव्हा बंगालमध्ये पाश्चात्त्य पद्धतीच्या हुबेहूब चित्रणाकडे पाठ फिरवून भारतीय परंपरेचा शोध चालविला होता. नानासाहेब त्या वातावरणात राहिले, परंतु त्यांनी आपला मार्ग सोडला नाही. समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील हाड, कातडी, सुरकुती आणि तीमागील स्वभाव मातीत उतरविणे हे आपले काम, हे त्यांनी ओळखले होते. भोवतालची माणसे दुसऱ्या वाटेने जात असताना आपली वाट चुकीची तर नाही ना, ही शंका कलावंताला थांबविण्यास पुरेशी असते. त्यांनी कोणाशी वाद घातला नाही, काम केले.

कलकत्त्यात जम बसला असताना त्यांनी जे केले ते आम्हास सर्वांत विशेष वाटते. १९२० साली ते इंग्लंडला गेले आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत पुन्हा विद्यार्थी झाले. वय एकोणतिशीला टेकलेले, पदक खिशात, स्टुडिओ उभा राहिलेला, व्यक्तिशिल्पकार म्हणून नाव होऊ लागलेले. अशा वेळी पुन्हा बाकावर बसावे, आपल्याहून लहान मुलांबरोबर अभ्यास करावा, हे सोपे नाही. आमच्या सेमिनरीतही आम्ही पाहिले आहे की, एकदा माणूस शिकविणारा झाला की त्याला शिकणारा होणे जड जाते. नानासाहेबांनी युरोपातील शिल्पे पाहिली, इटली व फ्रान्समधील कलासंग्रह नजरेखालून घातले आणि १९२३ च्या सुमारास ते मायदेशी परतले. पुढे ते मुंबईस आले.

आता पुण्याच्या पुतळ्याकडे वळू. शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा पुण्यात उभारावा हा संकल्प कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती यांचा. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली. पुढील वर्षी, ६ मे १९२२ रोजी, शाहू महाराज निवर्तले आणि त्यांचे पुत्र राजाराम महाराज यांनी ते कार्य पुढे चालविले. कोनशिला आणि अनावरण यांमध्ये साडेसहा वर्षांचा काळ गेला. शेवटी हे काम नानासाहेबांच्या हाती आले तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या आसपास होते आणि मुदत थोडी होती.

अश्वारूढ पुतळा हे शिल्पकाराचे सर्वांत अवघड काम का मानतात, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. उभ्या माणसाचा पुतळा आपल्या चौथऱ्यावर सरळ भार टाकतो. घोड्याचे प्रचंड धड आणि त्यावरील स्वार यांचा सगळा भार मात्र बारीक पायांवर येतो. पायांची जाडी वाढविली तर घोडा घोडा दिसत नाही, न वाढविली तर पुतळा कोसळण्याचे भय. सर्वप्रथम लोखंडाचा सांगाडा उभारून त्यावर ओल्या मातीने संपूर्ण आकृती घडवावी लागते. ती माती वाळली तर तिला भेगा पडतात व आकृती ढासळते. म्हणून दररोज तीवर पाणी शिंपडून ओल्या फडक्यांनी ती झाकून ठेवावी लागते. महिनोन् महिने चाललेल्या कामात एक दिवस विसरून चालत नाही. मग मातीवरून प्लास्टरचा साचा, त्यातून प्लास्टरची प्रतिकृती, त्यावरून ओतकामाचा साचा आणि शेवटी ब्राँझचा रस, असा हा प्रवास आहे. ब्राँझ वितळण्यास सुमारे एक हजार अंश सेल्सिअस उष्णता लागते. साच्यात ओल राहिली तर तिची वाफ होऊन साचा फुटतो. रस ओतताना मध्येच खंड पडला किंवा तो अर्ध्या वाटेत थंड झाला तर दोन प्रवाह एकजीव होत नाहीत आणि धातूत चीर राहते. वर्षभराची मेहनत काही मिनिटांत मातीमोल होऊ शकते.

म्हणूनच मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांनी ओतून मागाहून जोडण्याचा प्रघात आहे. नानासाहेबांनी हा पुतळा एकसंध ओतण्याचे धाडस केले. साडेतेरा फूट उंचीची, सुमारे आठ टन वजनाची ती आकृती. मुंबईतील माझगाव गोदीत, जहाजांचे अवजड भाग ओतणाऱ्या कारागिरांच्या साहाय्याने हे ओतकाम पार पडले. आपल्या देशात एवढ्या आकाराचे एकसंध ओतकाम त्यापूर्वी झाले नव्हते असे मानले जाते. तेथून पुतळा घाटमार्गे पुण्यास नेण्यात आला आणि जून १९२८ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी त्याचे अनावरण केले. राममंदिराच्या भिंतीवर रंगाने काढलेले महाराज आता धातूत उभे होते.

एवढे मोठे यश वयाच्या सदतिसाव्या वर्षापूर्वी मिळणे ही कलावंताच्या दृष्टीने एक परीक्षाच असते. याचे जवळचे उदाहरण म्हणजे नानासाहेबांच्या आधीच्या पिढीतील थोर शिल्पकार गणपतराव म्हात्रे. १८९६ साली, विद्यार्थिदशेतच, त्यांनी ‘मंदिरपथगामिनी’ ही पूजेला निघालेल्या स्त्रीची अप्रतिम मूर्ती घडविली आणि सर्वत्र त्यांचा जयजयकार झाला. त्यानंतर राजे-महाराजे, गव्हर्नर, धनिक यांच्या पुतळ्यांच्या मागण्यांनी त्यांचे आयुष्य भरून गेले. ते सर्व पुतळे कौशल्यपूर्ण आहेत यात संशय नाही. तरीही कलेचे जाणकार आज त्यांच्याविषयी बोलू लागले की प्रथम त्या तरुणपणीच्या मूर्तीकडेच वळतात. यात म्हात्र्यांचा दोष काढण्याचा आमचा उद्देश नाही. त्यांच्या पदरी संसार होता आणि देशात दुसरा आश्रय नव्हता. परंतु मागणीवर काम करणाऱ्या कलावंताला पैशाची अडचण उरत नाही तेव्हा दुसरीच अडचण सुरू होते. हात अखंड चालू असतात, आणि मनातील मूर्तीला मात्र कोणी मागणी केलेली नसते.

नानासाहेबांनीही व्यक्तिशिल्पे भरपूर केली, त्यांवरच त्यांचा चरितार्थ चालला. परंतु त्यांनी सासवणे सोडले नाही, हे त्यांचे वेगळेपण. मुंबईचा व्याप सांभाळून ते गावी येत, पुढे तेथेच त्यांनी आपली शिल्पे जमविली. आणि गावी ते जी शिल्पे करीत ती कोणी सांगितलेली नव्हती. कोळीण, शेतकरी, कष्टकरी, घराजवळची जनावरे, ज्यांच्याकडे पुतळा करवून घेण्याइतके पैसे कधीच असणार नव्हते असे सगळे जीव त्यांच्या मातीत उतरले. १९३० सालचे ‘शंखध्वनी’ हे शिल्प त्यांच्या श्रेष्ठ कृतींत गणले जाते. शंख फुंकणाऱ्या माणसाच्या गालांतील आणि मानेतील ताण पाहताना आपलाही श्वास क्षणभर अडकतो. ‘मत्स्यगंधा’ ही त्यांची कोळी युवती तर किनाऱ्यावरच्या कोणत्याही गावात भेटावी अशी आहे.

हे करण्यास पैसा कोठून आला, असे कोणी विचारील. याचे एक उत्तर सिमेंट हे आहे. संगमरवर दुरून आणावा लागतो, ब्राँझला ओतशाळा लागते. सिमेंटचे पोते मात्र अलिबागच्या बाजारातही मिळते आणि साच्यात ते भरण्यास चार माणसांची गरज पडत नाही. मातीतील आकृतीचा साचा घ्यावा, त्यात सिमेंट भरावे, घट्ट झाल्यावर साचा फोडून काढावा. सासवण्याच्या शिल्पालयातील बरीच शिल्पे सिमेंटमधील आहेत. राजांचे पुतळे घडविलेला शिल्पकार घरबांधणीचे साहित्य हाती घेतो, यात काही कमीपणा आहे असे त्यांना वाटले नाही. योग्य साधने मिळाली की मग काम सुरू करू, असे म्हणत वर्षे घालविणारे आपल्या ओळखीचे किती तरी जण आम्हास या ठिकाणी आठवतात. वर सांगितलेली ओल्या फडक्याची गोष्टही येथे पुन्हा ध्यानात घ्यावी. अर्धवट मातीकाम घरात असले की आज काम होवो न होवो, त्यावर पाणी मारायला तरी जावेच लागते. आणि एकदा फडके उचलले की हात आपोआप मातीकडे जातो.

या निमित्ताने आपल्या समाजातील एका कलावंताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. गोव्यातील सांतु इस्तेव्ह येथे १९०२ साली जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका हे जे. जे. स्कूल सोडून शांतिनिकेतनच्या परंपरेत शिकले आणि त्यांनी पवित्र मरियेला साडी नेसविली, बाळ येशूला भारतीय अंगणात खेळविले. त्यांच्या मायभूमीत या चित्रांवर कठोर टीका झाली. ते पुण्यास आले आणि शिवाजीनगर भागातील ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमाच्या आश्रयाने आयुष्यभर चित्रे काढीत राहिले. नानासाहेबांचा अश्वारूढ पुतळाही त्याच शिवाजीनगरात आहे. योगायोग असा की दोघांचेही निधन १९६७ साली झाले. एकाला लोकांनी डोक्यावर घेतले, दुसऱ्याला आपल्याच माणसांनी दूर लोटले, तरी दोघांचेही हात शेवटपर्यंत थांबले नाहीत. फोन्सेकांच्या बाबतीत मात्र एक प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल. नवे चर्च बांधताना आपण लाखो रुपये खर्च करतो, आणि मूर्ती मात्र छापील यादीतून निवडतो. एकाच साच्यातून निघालेले फायबरचे संत गावोगावी उभे राहतात. आपल्याच धर्मग्रामातील जो मुलगा नाताळचा गोठा घडवितो त्याला क्रूसवाटेचे एखादे स्थान घडविण्यास आपण कधी सांगितले आहे काय? रॉथफील्डसाहेबांनी फार काही केले नाही. भिंतीकडे पाहिले आणि हे कोणी काढले एवढे विचारले.

उत्तरायुष्यात नानासाहेबांना मानसन्मान लाभले. भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले आणि १९६४ साली ललित कला अकादमीने आपले सन्मान्य सदस्यत्व अर्पण केले. १३ जून १९६७ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. सासवण्याचे त्यांचे घर कुटुंबीयांनी शिल्पालय म्हणून जतन केले असून दीडशेच्या आसपास शिल्पे तेथे पाहावयास मिळतात. मुंबईहून गेटवेच्या बोटीने मांडव्यास उतरले की ते फार दूर नाही. आवारात एक म्हैस बसलेली आहे. सिमेंटची आहे हे जवळ गेल्याखेरीज कळत नाही.